विसणाचा हिशेब

प्रश्न : वाईजवळ आमचं नवं घर पूर्ण होत आलं आहे. खाली-वर मिळून दोन बाथरूम, माणसं सहा. आंघोळीच्या पाण्यासाठी कोणता बॉयलर घ्यावा, यावर घरात एकमत होत नाही. प्लंबर सोलरच बसवा म्हणतो, दुकानदार २५ लिटरचा गीझर गळ्यात मारतोय, मुलाला गॅस गीझर हवा आहे. सासूबाईंचा तांब्याचा बंब परसात आहे, तो मोडीत घालायचा नाही अशी त्यांची ताकीद. यातलं योग्य काय?

उत्तर : आधी शब्दाचं बघू. मराठीत ‘बॉयलर’ म्हटलं की निम्म्या लोकांना कोंबडी आठवते. ती खरी ब्रॉयलर, पण आपण तिला कधीच उकळून टाकलं आहे. कायद्याच्या लेखी बॉयलर म्हणजे दाबाखाली वाफ तयार करणारं बंद भांडं, साखर कारखान्यात असतं तसं. त्यासाठी १९२३ पासून स्वतंत्र कायदा होता, आता २०२५ चा नवा आला आहे. तुम्हाला वाफ नको आहे. तुम्हाला सकाळी सहा ते नऊ या वेळात सहा माणसांना चाळीस अंशांच्या आसपासचं पाणी हवं आहे. एवढं लक्षात ठेवलं तर निम्मं भांडण मिटेल.

गंमत बघा, प्लंबर, दुकानदार आणि मुलगा या तिघांनीही तुम्हाला यंत्र सांगितलं. बादल्या किती लागतात, हे कुणीच विचारलं नाही. सासूबाईंनी मात्र आयुष्यभर तोच हिशेब केला असणार. बंबातलं कढत पाणी घंगाळात काढायचं, वर विसण घालायचं, कोपर बुडवून पाहायचं. एका बंबात किती जणांची आंघोळ होते आणि कितव्या माणसानंतर बंबात पाणी ओतायचं, हे त्यांना तोंडपाठ असेल. गीझरची निवड म्हणजे हाच विसणाचा हिशेब. फक्त आता तो आकड्यांत मांडू.

एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. तुमच्याकडे थंडीत टाकीतलं पाणी २० अंशांचं धरू. वीस लिटरची बादली चाळीस अंशांवर न्यायची तर ४०० किलोकॅलरी, म्हणजे जेमतेम अर्धा युनिट. सहा माणसांच्या सहा बादल्यांना रोज तीन युनिट, महिन्याला ९० च्या आत. यंत्र कुठलंही घ्या, पाण्याला एवढी उष्णता द्यावीच लागते. ‘आमचा गीझर निम्म्या विजेत पाणी तापवतो’ असं कुणी म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. विजेच्या कॉइलमधली जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच जाते, मग तो बादलीत टाकायचा रॉड असो की सगळ्यात महागडा गीझर. रॉडचा दोष खर्चाचा नाही, जिवाचा आहे. तो चालू असताना पाण्यात हात घालणारा एक तरी माणूस प्रत्येक घरात असतोच.

मग गीझरवरचे तारे कशाचे? तापलेलं पाणी टाकीत नुसतं पडून राहिलं तर चोवीस तासांत किती उष्णता निसटते, त्याचे. पाणी तापलं की लगेच वापरून बटण बंद करणाऱ्या घरात तीन तारे आणि पाच तारे यांत फरक थोडाच पडतो. बटण बंद करायला विसरणाऱ्या घरात बराच पडतो. तुमचं घर कुठल्या जातीचं, ते तुम्हाला ठाऊक.

आता दुकानदाराचे २५ लिटर. टाकीतलं पाणी साठ अंशांपर्यंत नेलं तर त्यात तेवढंच वीस अंशांचं विसण घालता येतं आणि चाळीस अंशांचं पन्नास लिटर पाणी मिळतं, म्हणजे अडीच बादल्या. २ किलोवॅटच्या कॉइलला त्यासाठी पस्तीस मिनिटं लागतात. पंधरा लिटरच्या टाकीतून दीड बादली निघते, एकवीस मिनिटांत. प्रत्यक्षात थोडं कमीच धरा, कारण गरम पाणी बाहेर पडताना आत थंड शिरत असतं आणि शेवटचे दोन-तीन लिटर कोमट येतात. घरात शॉवरची आवड असेल तर हिशेब फिरतो. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सोडतो. सहा मिनिटं त्याखाली गाणं म्हटलं की तीन बादल्या गेल्या. दुकानदाराला विचारायचा प्रश्न ‘माणसं किती’ हा नाही, ‘पाठोपाठ बादल्या किती’ हा आहे.

तीन लिटरचा इन्स्टंट गीझर स्वस्त असतो, भिंतीवर सुबक दिसतो आणि नावातच ‘तत्काळ’ असल्यामुळे खपतो. पहिल्या फ्लॅटमध्ये मी तो हौसेने बसवला होता. जानेवारीत नळ पूर्ण सोडला की पाणी गार यायचं, आणि नळ करंगळीएवढा केला की गरम यायचं, पण बादली भरेना. कंपनीच्या माणसाला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, मशीन ओके आहे. तो खोटं बोलत नव्हता. ३ किलोवॅट म्हणजे मिनिटाला ४३ किलोकॅलरी. वीस अंशांची वाढ हवी असेल तर मिनिटाला दोन लिटरच्या जरा वर पाणी मिळणार आणि बादलीला नऊ मिनिटं लागणार. हे गणित विकत घेण्याआधी करायला हवं होतं. इन्स्टंट गीझर स्वयंपाकघरात भांड्यांसाठी, हात धुण्यासाठी किंवा मुंबई-कोकणात, जिथे पाणी फार गार नसतं तिथे ठीक. वाईच्या थंडीत सहा माणसांसाठी नाही.

३ किलोवॅटचा गीझर १३ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, पुरेशी जाड वायर, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. घर बांधून होत आलंय म्हणता, तेव्हा प्लास्टर होण्याआधी इलेक्ट्रिशियनला एकदा बोलवा. पैसे गीझरवर वाचवा, अर्थिंगवर नको. गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीची घाला. साधा पीव्हीसी पाइप गरम पाण्यात मऊ पडतो.

सोलर. तुमचं स्वतंत्र घर, स्वतःची गच्ची, देशावरची कोरडी थंडी. ज्या महिन्यांत गरम पाणी सगळ्यात जास्त हवं, त्याच महिन्यांत तुमच्याकडे आकाश निरभ्र असतं. सोलरला याहून चांगलं गिऱ्हाईक मिळायचं नाही. प्लंबरचं म्हणणं मला पटतं. फक्त तो बसवणार कसा, यावर सगळं अवलंबून आहे, आणि इथेच सर्वाधिक घोळ होतात.

घरगुती सोलरमध्ये पंप नसतो. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं आणि गार पाणी खाली उतरतं, त्यावर ते चालतं. म्हणून सोलरची टाकी नळ्यांच्या वर असते. आणि पंप नाही म्हणूनच गार पाण्याची मुख्य टाकी सोलरच्या टाकीहून उंच हवी, तिचा तळ सोलर टाकीच्या माथ्यापेक्षा वर. आमच्या ओळखीत एका घरी आधी गच्चीवर मुख्य टाकी बसली आणि सोलरचा विचार नंतर झाला. दोन्ही टाक्या एका पातळीवर आल्या, सोलर अर्धाच भरायचा, आणि शेवटी मुख्य टाकी उतरवून तिच्यासाठी विटांचा चौथरा बांधावा लागला. नळ्यांचं तोंड दक्षिणेकडे हवं. समोर जिना, भिंत किंवा शेजाऱ्याचा आंबा यांची सावली नको. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावल्या लांब पडतात, त्यामुळे मे महिन्यात मोकळी दिसलेली जागा डिसेंबरात सावलीत जाऊ शकते.

दोन प्रकार आहेत. सपाट काळ्या पेटीचा, ज्यात तांब्याच्या नळ्या असतात, आणि काचेच्या दुहेरी नळ्यांचा, ज्यात दोन काचांमध्ये निर्वात पोकळी असते. पहिला टिकाऊ, पण त्याच्या बारीक नळ्यांत क्षार बसले की पाणी फिरेनासं होतं. दुसरा स्वस्त, जड पाणी जास्त सोसतो, पण काच ती काच, पतंगामागे दगड आला की संपलं. तुमचं पाणी बोअरचं असेल तर काचेचा बरा. त्याची एक खूण लक्षात ठेवा. नळीच्या टोकाला चंदेरी मुलामा असतो. तो पांढरा पडला की त्या नळीतला निर्वात गेला, नळी बदलायची.

सहा माणसांना २०० लिटर पुरेसे आहेत. पण गच्चीवरून खालच्या बाथरूमपर्यंत पाऊण इंची पाइप वीस मीटर गेला तर त्यात पाच-सहा लिटर गार पाणी अडकून असतं, आणि रोज पहाटे पहिला माणूस ते मोरीत सोडून देतो. तेवढी बादली बाजूला ठेवा, झाडांना घाला. पाइपावर गरम पाण्यासाठीचं इन्सुलेशनही घाला, नाहीतर टाकीत साठ अंशांचं पाणी आणि नळाला कोमट, अशी गत होते.

पावसाळ्यात काय? विक्रेता सोलरच्या टाकीतच कॉइल बसवून देतो. ती घेऊ नका असं माझं मत. २०० लिटर पाणी तीस अंशांनी वाढवायला सात युनिट जातात आणि तुम्हाला हव्यात फक्त सहा बादल्या. त्यापेक्षा खालच्या बाथरूममध्ये १५ लिटरचा साधा गीझर वेगळा बसवा. ढगाळ दिवसांत तोच पुरे. तुम्ही गच्चीवर वीज बनवणारे पॅनेल बसवणार असाल (२०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे), तर मात्र थांबून विचार करा. एवढ्याच जागेत पाण्याचा सोलर पॅनेलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता पकडतो, हे खरं. पण एप्रिल-मेमध्ये त्याचं उकळतं पाणी कुणी वापरत नाही, आणि पॅनेलचं प्रत्येक युनिट बारा महिने बिलातून वजा होतं. गच्ची लहान असेल तर पॅनेल आणि दोन गीझर. गच्ची मोठी असेल तर दोन्ही.

अलीकडे हीट पंपाचीही जाहिरात दिसते. फ्रिज उलटा केला तर जे होईल ते यंत्र. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतं आणि एका युनिटात कॉइलच्या तिप्पट काम करतं. हॉटेल, वसतिगृह, दवाखाना यांना उत्तम. सहा बादल्यांसाठी एवढी किंमत मोजावीशी मला वाटत नाही.

राहिला बंब. सासूबाई बरोबर सांगताहेत. बंबाची रचना पाहा. मधोमध जळणाची नळी, तीच वर चिमणी होते, आणि भोवती चहूबाजूंनी पाणी. चुलीवरच्या हंड्याला फक्त बुडातून आच लागते आणि बाकीची बाजूने निसटते. बंबात आग पाण्याच्या कुशीत असते. वाफेच्या रेल्वे इंजिनातही आगीच्या नळ्या अशाच पाण्यातून नेलेल्या असत. वर तोंड उघडं असल्यामुळे दाब साठत नाही, म्हणून तो फुटायची भीतीही नाही. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत ठोक्याचं काम करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे घडवले. करवंट्या, चिपाडं, झाडांच्या वाळलेल्या फांद्या, एरवी ज्यांचं काय करायचं हा प्रश्न पडतो, त्यांत सहा जणांचं पाणी तापतं. अट एकच, बंब परसात किंवा उघड्या पडवीत हवा. आत नको. त्यात पाणी असल्याशिवाय पेटवू नका, सांधे सुटतात.

माझा सल्ला : गच्चीवर २०० लिटरचा काचेच्या नळ्यांचा सोलर, खालच्या बाथरूममध्ये १५ लिटरचा गीझर, परसात बंब. दिवाळीच्या पहाटे, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना आणि नेमकी वीज गेलेली असताना, बंबच कामाला येईल. गॅस गीझरचं उत्तर शेवटच्या प्रश्नात आहे, ते मुलाला वाचायला द्या.

प्रश्न : आमची मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये लेस्टरला जुनं घर घेत आहेत. तिथला बॉयलर बदलावा लागणार आहे. कॉम्बी घ्यावा की टाकीचा, हे आम्हाला फोनवर विचारतात. आम्हाला इथला गीझरच माहीत! (पुणे)

उत्तर : तिकडचा बॉयलर गीझरपेक्षा फार मोठं काम करतो. आंघोळीचं पाणी तापवतोच, शिवाय खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांतून गरम पाणी फिरवून सगळं घर ऊबदार ठेवतो. म्हणून आपला गीझर २-३ किलोवॅटचा असतो आणि त्यांचा २४ ते ३५ किलोवॅटचा. इंधन पाइपमधून येणारा गॅस.

कॉम्बी म्हणजे मघाच्या तीन लिटरवाल्या इन्स्टंटचा धिप्पाड भाऊ. टाकी नाही, नळ सोडला की वाहतं पाणी तापवतो. तिथे हिवाळ्यात नळाचं पाणी पाच-सहा अंशांचं असतं, तरी ३० किलोवॅटच्या कॉम्बीतून मिनिटाला बारा लिटर गरम पाणी मिळतं. एका शॉवरला हे भरपूर, एकाच वेळी चालणाऱ्या दोन शॉवरांना अपुरं. टाकीवाल्या प्रकाराला ते ‘सिस्टिम’ म्हणतात. त्यात दीडशे-दोनशे लिटरचा सिलिंडर असतो, जागा खातो, पण दोन बाथरूम एकदम चालतात. माळ्यावर गार पाण्याची टाकी असलेला तिसरा, जुना प्रकारही आहे. घरातली जुनी नळजोडणी त्याच धर्तीची असेल आणि पाण्याचा दाब कमी असेल तरच तो ठेवावा.

तेव्हा मुलीला दोनच गोष्टी विचारा. सकाळी दोन माणसं एकाच वेळी आंघोळ करतात का? आणि रस्त्यावरून घरात येणाऱ्या पाण्याला जोर आहे का? दुसरं तपासायला घड्याळ लावून नळाखाली बादली भरायची. एकच बाथरूम असेल तर डोळे मिटून कॉम्बी. तुम्ही दोघं दरवर्षी सहा महिने जाऊन राहणार असाल आणि वर दुसरं बाथरूम काढायचा विचार असेल, तर टाकी.

एक गोष्ट तिथले तंत्रज्ञही बऱ्याचदा सांगत नाहीत. २००५ पासून तिथे नवे गॅस बॉयलर ‘कंडेन्सिंग’ प्रकारचेच बसवावे लागतात. धुरातली वाफ थंड करून तिचीही उष्णता हे काढून घेतात. पण रेडिएटरांतून परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असेल तरच ती वाफ निवते. रेडिएटरचं तापमान ७५-८० वर लावून ठेवलं तर कंडेन्सिंगचे पैसे भरून साधाच बॉयलर वापरल्यासारखं होतं. कॉम्बी असेल तर साठ किंवा त्याखाली आणायला सांगा. बसवणारा माणूस ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेला हवा, आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. गॅस सोडून हीट पंपाकडे जायचं असेल तर इंग्लंड आणि वेल्समध्ये साडेसात हजार पौंडांचं सरकारी अनुदान मिळतं. मात्र जुन्या घराच्या भिंती आणि खिडक्या उष्णता धरून ठेवत नसतील, तर आधी त्यांचं बघावं.

प्रश्न : दर दोन वर्षांनी गीझरची कॉइल जळते. तीन कंपन्या बदलून झाल्या. (सोलापूर)

उत्तर : कंपनी नाही, पाणी बदला. बोअरच्या जड पाण्यातले क्षार तापल्यावर कॉइलवर पांढऱ्या थराने बसतात. थर उष्णता अडवतो, आतली कॉइल तापत जाते आणि एक दिवस फुटते. पाणी जितकं जास्त तापवाल तितका थर लवकर चढतो. म्हणून थर्मोस्टॅट ७५ वरून ५०-५५ वर आणा. गरम पाणी थोडं जास्त लागेल, विसण कमी लागेल, एवढंच. वर्षातून एकदा टाकी उघडून खडे काढायला लावा. त्याच वेळी मॅग्नेशियमची कांडी पाहायला सांगा. टाकीऐवजी स्वतः गंजण्यासाठीच ती आत लटकवलेली असते. संपली असेल तर टाकी गंजू लागते आणि मग कॉइल बदलूनही गळती थांबत नाही. कंपनीचा माणूस आपण होऊन कांडी दाखवत नाही. तुम्ही मागा.

प्रश्न : गीझर सारखा बंद-चालू करण्यापेक्षा दिवसभर चालू ठेवला तर वीज कमी लागते, असं शेजारी सांगतात. खरं आहे का? (ठाणे)

उत्तर : नाही. पाणी जितका वेळ गरम राहील तितका वेळ ते उष्णता गमावत राहील. आंघोळीआधी अर्धा तास लावा, झाली की बंद करा. बिलात टप्पे असतात हेही शेजाऱ्यांना सांगा. महावितरणच्या दरात १०० युनिटांपर्यंत एक दर, पुढे ३०० पर्यंत दुसरा. गीझरची युनिटं पंखा-दिव्यांच्या डोक्यावर जाऊन बसतात, त्यामुळे ती नेहमी तुमच्या बिलातल्या सगळ्यात महाग टप्प्यात मोजली जातात.

प्रश्न : आमच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. वर झरोकाही आहे. तरी परवा सून आंघोळ करून बाहेर आली ती भिंतीला धरून. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, ठीक होता. गीझरचा काही संबंध असेल का? (नाशिक)

उत्तर : असू शकतो. हे उत्तर हाती पडेपर्यंत तुम्ही तो वापरत नसाल अशी आशा करतो.

गॅस गीझर खर्चाच्या दृष्टीने वाईट नाही, उलट बरा आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून साधारण तीनशे बादल्या तापतात, आणि तेवढ्याच बादल्यांना विजेची सुमारे १४० युनिटं लागतात. तुमच्या गावातला सिलिंडरचा भाव आणि तुमच्या बिलातल्या वरच्या टप्प्यातल्या १४० युनिटांचे पैसे शेजारी-शेजारी लिहिले की कोण स्वस्त ते कळेल. पाणी लगेच येतं, वीज गेली तरी दोन सेलांवर पेटतो. लोक तो का घेतात, हे समजण्यासारखं आहे.

चूक होते ती जागेत. एक किलो गॅस जळायला पंधरा किलोहून जास्त हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर पूर्ण चालला तर दहा मिनिटांत साधारण पावणेदोनशे ग्रॅम गॅस जाळतो आणि दोन घनमीटरहून जास्त हवेतला प्राणवायू संपवतो. पाच बाय सात फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते सगळी मिळून आठ घनमीटर. म्हणजे एका माणसाच्या आंघोळीत त्या खोलीचा पाव भाग संपला. पाठोपाठ दुसरा माणूस आत गेला की अर्धा. झरोक्यातून थोडी हवा येते खरी, पण थंडीत बरेच जण तोही लावून घेतात. एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर फेकतो, पण घट्ट लागलेल्या दारातून नवी आत येणार कुठून?

प्राणवायू कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळणाऱ्या सिलिंडरचा वास आपल्याला येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग हातापायांतलं बळ जातं. आतला माणूस ‘वाफेने गरगरलं’ असं समजून अजून दोन तांबे अंगावर घेतो. कडीपर्यंत हात पोचत नाही, तेव्हा कळून उपयोग नसतो. रक्तदाब मोजून यातलं काही दिसत नाही. रक्ताची वेगळी तपासणी असते, आणि ती घटनेनंतर लवकर करावी लागते. पुन्हा कुणाला असं झालं तर डॉक्टरांना ‘आत गॅस गीझर आहे’ हे आपण होऊन सांगा.

वर लेस्टरच्या बॉयलरबद्दल लिहिलं. तो बॉयलर तर ओट्याशेजारच्या कपाटात असतो, मग तिथे हे का होत नाही? कारण त्याची पेटी बंद असते. ज्योतीला लागणारी हवा तो एका नळीने घराबाहेरून घेतो आणि धूर दुसऱ्या नळीने बाहेरच सोडतो. घरातल्या हवेला तो शिवत नाही. आपला भिंतीवरचा स्वस्त गीझर आंघोळ करणाऱ्याच्याच वाट्याची हवा जाळतो आणि धूर त्याच्याच खोलीत सोडतो.

म्हणून गीझर बाहेर काढा. गॅलरी, परसदार, उघडी ड्राय बाल्कनी, जिथे वारा खेळतो अशी जागा. तिथून गरम पाण्याचा पाइप आत आणा. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. घरी पाइपचा गॅस आला असेल तर त्यासाठीचाच गीझर लागतो, सिलिंडरचा तसाच जोडू नका. नवा घेताना आयएस १५५५८ हा आकडा आणि आयएसआयची खूण पाहा. फ्लॅटमध्ये बाहेर जागाच नसेल, तर गॅस गीझर आपल्यासाठी नाही, १५ लिटरचा विजेचा घ्या.

कुणी आत निपचित पडलेलं आढळलं तर दार उघडा, गॅस बंद करा, त्यांना उघड्यावर आणा आणि १०८ ला फोन लावा. प्राणवायू देणं हाच उपचार आहे, वेळ घालवू नका.

आणि हे फक्त नाशिककरांसाठी नाही. ज्यांच्या बाथरूममध्ये आत गॅस गीझर आहे, त्यांनी तो बाहेर काढेपर्यंत एक नेम पाळावा. दार उघडं ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा, आणि मगच कडी लावायची. हे आज रात्री घरातल्या प्रत्येकाला सांगा, पाहुण्यांनाही.